इथून वर माझं

५ जानेवारी, रविवार

नवीन वही उघडली की पहिलं पान खराब करायची माझी हिंमत होत नाही. म्हणून दुसऱ्या पानापासून सुरुवात. पहिलं राहू दे कोरं.

बातमी अशी की गॅलरीवाल्या बाईंचा फोन आला. मार्चमध्ये त्यांचा हॉल दहा-बारा दिवस मोकळा आहे आणि तिथे त्यांना माझी चित्रं लावायची आहेत. मी म्हटलं, पुस्तकांतली निवडून देते. तर म्हणाल्या, "नाही नाही, पुस्तकांतली नको. तुमची स्वतःची हवीत." मी फोन ठेवला आणि स्वतःची म्हणजे कोणती, हे शोधत घरभर फिरले. उभा जन्म दुसऱ्यांच्या गोष्टींना चित्रं काढण्यात गेला. लेखक म्हणाला राजा, की मी राजा काढला. लेखक म्हणाला राजा मेला, की मी त्याला आडवा केला. माझ्या स्वतःच्या मनात राजा आहे की नाही हे कुणी विचारलंच नव्हतं.

अक्षरकाराला सांगितलं. अक्षरकार म्हणजे माझा नवरा. मुखपृष्ठावर पुस्तकाचं नाव हाताने लिहिण्याचं त्याचं काम. चित्र माझं, नाव त्याचं, असा आमचा जोडधंदा. मी कागद टेबलावर घेतला की हा मागून यायचा आणि पेन्सिलीने एक आडवी रेघ मारायचा. "इथून वर माझं. पाय ठेवायचा नाही." आमचा संसार म्हणजे ती एक रेघ, असं मी लोकांना हसत सांगायचे. मग दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, वाढू देणार नाही, पण जाणारही नाही. त्याने सगळे ब्रश बिस्किटांच्या डब्यात भरले, डबा कपाटावर ठेवला आणि प्रकाशकांना कळवून टाकलं की मी निवृत्त झालो.

त्याने परत लिहावं, एवढंच मला हवं आहे. आणि तेवढंच त्याच्यापुढे बोलता येत नाही. बोललं की तो उठून जातो.

प्रदर्शनाचं ऐकून म्हणाला, "छान." आणि कुंड्यांना पाणी घालायला गेला. सकाळीच घातलं होतं.

१२ जानेवारी, रविवार

आज माझा रविवारचा चित्रकलेचा वर्ग. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची ती लांबट खोली, कोपऱ्यातला नळ गळतो तो गळतोच. माझा नियम एकच, आधी वाक्य, मग चित्र. काय काढायचं ते एका वाक्यात सांगितल्याशिवाय ब्रशला हात लावायचा नाही, आणि वाक्यात 'सुंदर' हा शब्द नको. पहिल्या दिवशी निम्मी मंडळी याच नियमाने पळून जातात. उरतात ती चिवट.

दातांचे डॉक्टर चिवटांमधले. साठीला आलेत, दवाखाना बंद करून थेट येतात, हातांना औषधाचा वास असतो. आज म्हणाले, "बाई, वाक्य सापडलं. माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस तोंड उघडतो, पण बोलता कुणालाच येत नाही." मला इतका आनंद झाला की मी त्यांना माझा चांगला कागद दिला. शिवणवाल्या ताईंचं वाक्य अजून अडलंय. बाजूच्या गल्लीत त्यांचं शिवणाचं दुकान आहे. त्या म्हणतात, "मला कापड दिसतं, वाक्य दिसत नाही." त्यांना म्हटलं, दिसेल, घाई नाही.

घरी येताना वाटत होतं, मी किती शहाणी बाई आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार

मागच्या खोलीत काम सुरू. सकाळी सात ते नऊ तिथे जो उजेड असतो, तो दुधात पाणी घातल्यासारखा असतो, सावल्याच पडत नाहीत. त्या दोन तासांत मी कुठे आहे हे मला कळत नाही. ब्रश पाण्यात बुडवला की रंग धुरासारखा खाली उतरतो, आणि मी तेच बघत बसते, कागद राहतो बाजूला.

किटली काढली. फक्त किटली, कागदाच्या अगदी तळाशी, झाकण किंचित वाकडं. वरचा सगळा भाग एकाच फिक्या पिवळ्या रंगाने भरला. का, ते माहीत नाही. हात तिथे जाऊन थांबला आणि मीही थांबले.

चहाला हाक मारली. "आलोच," असं आतून उत्तर आलं. हा माणूस लग्नापासून 'आलोच' म्हणतोय आणि चहा लग्नापासून गार होतोय.

तो मागच्या खोलीत येत नाही आता. उंबऱ्याशी उभा राहतो, काय हवं ते विचारतो आणि जातो. माझ्या टेबलाला टेकून त्याचं टेबल होतं. ते त्याने घडी करून भिंतीला लावलंय. त्याच्या जागी मी कुंडी ठेवली, पण ती कुंडी मला रोज खुपते.

२३ जानेवारी, गुरुवार

स्वप्न पडलं. मी माझ्याच चित्रात, खाली, किटलीशेजारी बसलेली. वर ते मोठं पिवळं मोकळं. कुणीतरी येणार होतं, म्हणून मी सरकून बसले. बराच वेळ कुणी आलं नाही, पण वाट बघायचा कंटाळा आला नाही. जाग आली तेव्हा मी खरोखरच पलंगाच्या कडेला होते, पडायच्या बेतात.

२ फेब्रुवारी, रविवार

चित्रं भराभर होताहेत. दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपला. गच्चीवरची पाण्याची टाकी. वाळत घातलेला एकच सदरा. जिन्याच्या खालच्या तीन पायऱ्या. सगळ्यांत वस्तू कुठेतरी खाली, नाहीतर कडेला, आणि बाकी मोकळा रंग. मी त्याला आकाश म्हणते. जिन्याला आकाश कसं, असं विचारू नये.

मोबाइलवर वर्गाला दाखवली आणि तोंडघशी पडले. डॉक्टरांनी चष्मा वर करून सगळी बघितली, आणि अगदी आदराने विचारलं, "बाई, ह्यांचं वाक्य काय?"

मी म्हटलं, "मोकळेपणा." डॉक्टर म्हणाले, "हे वाक्य नाही झालं. शब्द झाला." माझाच नियम, माझ्याच तोंडावर. शिवणवाल्या ताई गालात हसल्या. मी विषय बदलून ब्रश धुवायला लावले सगळ्यांना.

मला खरंच माहीत नाही. इतकी वर्षं वाक्य दुसरं कुणी द्यायचं. आता मी लोकांना वाक्य शोधायला शिकवते आणि माझ्याकडेच नाही. लाज वाटली, खोटं कशाला सांगू.

६ फेब्रुवारी, गुरुवार

गॅलरीवाल्या बाई घरी येऊन चित्रं बघून गेल्या. वयाने माझ्या लेकीएवढ्या, पण बोलणं असं की मध्येमध्ये बसायला खुर्ची लागावी. म्हणाल्या, "तुमच्या अवकाशात एक नकार आहे." मी हो म्हणाले. नकाराला हो. आणखी म्हणाल्या की हल्ली सगळे भरत सुटलेत, तुम्ही सोडता, आणि प्रदर्शनाला नाव द्यायचं 'रिक्त'. रिक्त म्हटलं की मला नोकरीच्या जाहिराती आठवतात, रिक्त पदे भरणे आहे. पण त्यांचे डोळे इतके चमकत होते की मी मान डोलावली.

दाराशी विचारलं, भिंतीवर नाव कोण लिहिणार? त्या म्हणाल्या, छापून चिकटवतो आम्ही. तेव्हा मला काय सुचलं कोण जाणे, अक्षरकार तिथेच वर्तमानपत्र वाचत बसला होता, मी त्यांच्यादेखत म्हटलं, "तू लिहितोस का?"

वर्तमानपत्र त्याच्या हातात वाजत होतं. त्याने ते मांडीवर ठेवलं. "संगणकाकडून करून घ्या," तो म्हणाला. "त्याचा हात हलत नाही."

बाई गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसले. चारचौघांत विचारायला नको होतं. पण एकांतात विचारलं की तो कुंड्यांकडे पळतो. मग विचारायचं तरी कुठे?

९ फेब्रुवारी, रविवार

वर्गाहून आले तर मधल्या बोळात कपाटापुढे स्टूल आडवं, अडखळून पडता पडता वाचले. विचारलं तर म्हणे, बल्ब बदलत होतो. बल्ब तोच आहे, तेवढाच मिणमिणता. म्हातारपणी स्टुलावर चढायची हौस कशाला, असं म्हटलं, तर स्टूल उचलून आत नेलं.

आणि रद्दीतली वर्तमानपत्रं कोण नेतं? पॅलेट पुसायला एक कागद सापडेना.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आजचा दिवस वाया. वाटलं, हे मोकळं मोकळं म्हणजे आपली टंगळमंगळ आहे, हिंमत नाही म्हणून सोडलंय. मग टाकीच्या चित्रात वर पक्षी काढले. एक काढला, तो एकटा वाटला म्हणून दुसरा. मग ढग. संध्याकाळी बघते तर औषधाच्या दुकानात फुकट मिळणाऱ्या कॅलेंडरसारखं दिसत होतं. फाडून टाकलं.

गंमत म्हणजे पक्षी काढताना सारखं वाटत होतं की आता मागून कुणीतरी ओरडेल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नणंद आल्या आहेत, उद्घाटन होईपर्यंत राहतील. अक्षरकाराची थोरली बहीण, आमच्या ताई. ह्या वयातही भावाला बंड्या म्हणतात आणि तो ऐकून घेतो. आल्या आल्या त्यांनी घर हातात घेतलं, माझे ब्रश स्वयंपाकघरातल्या चमच्यांबरोबर घासून ठेवले. चमच्यांपेक्षा ब्रश स्वच्छ निघाले.

मग चित्रं बघायला बसल्या. बराच वेळ बघितली, आणि विचारलं, "अगं, वरचं रंगवायचं राहिलंय का? रंग संपला होता?"

"नाही ताई, ते तसंच आहे."

"तसंच म्हणजे? मला तर असं वाटतंय, की पाट मांडलाय, पाणी ठेवलंय आणि माणूसच बसला नाही."

गॅलरीवाल्या बाई म्हणतात नकार आणि ताई म्हणतात पाट. मला हसू आलं. ताईंना चित्रातलं काय कळणार.

पण त्या एक गोष्ट खरी बोलल्या, भाजी निवडता निवडता. "बंड्या तुझ्यावर रागावलाय का? तू खोलीत गेलीस की त्या दाराकडे बघत बसतो." मी म्हटलं, माझ्यावर नाही, हातावर. त्या म्हणाल्या, "मग तुझ्याकडे का बघतो?" भीती वाटते ती हीच. त्याच्याशिवायचं माझं हे पहिलं काम. मी त्याला मागे टाकून चालले आहे असं त्याला वाटत असेल, तर मला हे प्रदर्शन नको. पण नको म्हटलं तर त्याला दया दाखवल्यासारखं होईल. दोन्हीकडून कात्री.

२३ फेब्रुवारी, रविवार

त्याच्या नव्या सदऱ्याच्या बाहीवर काळा डाग, रुपयाएवढा. निघत नाही. मी चांगलीच बोलले. "पेन गळतंय तर टाकून दे ना, कुणासाठी जपतोयस?" एरवी त्याने दोन वाक्यं सुनावली असती. आज मुकाट्याने "हो" म्हणाला आणि बाही दुमडली. इतका गरीब झालेला मला बघवत नाही. ताई मात्र ताटात बघून हसत होत्या. बहीण-भावाचं काय चाललेलं असतं कोण जाणे.

शिवणवाल्या ताईंचं वाक्य आलं एकदाचं. "लोक मापं देऊन जातात आणि मग दुसरेच होऊन येतात." वर्गाने टाळ्या वाजवल्या. सगळ्यांची वाक्यं झाली, माझं सोडून.

१ मार्च, शनिवार

उद्घाटन झालं. भिंती पांढऱ्या, दिवे मऊ, आणि माझी किटली एवढ्या मोठ्या भिंतीवर एकटी. मला ती ओळखू येईना. लोक हळू आवाजात बोलत होते, सगळे पाण्याखाली असल्यासारखे, आणि मी त्यांच्यामधून तरंगत होते. दाराशेजारी छापील 'रिक्त'. एका गृहस्थांनी मला हात जोडून सांगितलं की तुमच्या चित्रांत मला माझी आई दिसली. जिन्याच्या चित्रासमोर. मी आभार मानले. दातांचे डॉक्टर प्रत्येक चित्रासमोर तोंड उघडं टाकून उभे.

अक्षरकार आला नाही. निघायच्या वेळी म्हणाला पोट बिघडलंय. नव्या सदऱ्याची बाही दुमडून, केस विंचरून, बूट घालून बसला होता आणि तेव्हाच पोट बिघडलं. ताई माझ्याबरोबर आल्या. रिक्षात मी त्यांना म्हटलं, पोटाला काय झालं असेल हो? त्या म्हणाल्या, "पोट ठणठणीत आहे. त्याला काहीतरी द्यायचं होतं तुला, ते झालं नाही त्याच्याकडून." काय द्यायचं होतं, ते मात्र सांगेनात. "त्यालाच विचार," म्हणाल्या.

मला त्याच्याकडून काही नको होतं. तो यायला हवा होता. सगळे माझं कौतुक करत होते आणि मी दाराकडे बघत होते. राग आला. अजून आहे.

५ मार्च, बुधवार

हे नीट लिहायचं आहे.

दुपारी हॉलमध्ये कुणी नव्हतं. पहारेकरी खुर्चीवर पेंगत होता. खिडक्यांतून उन्हाचे चौकोन जमिनीवर पडले होते आणि सावकाश सरकत होते. मी त्यांच्याकडे बघत बसले होते, तेवढ्यात त्यातल्या एका चौकोनात बूट आले. वर बघितलं तर अक्षरकार. बसने एकटा आला होता. सोमवारी ताई गेल्यापासून आम्ही जेवायला ये, दार लाव, एवढंच बोलत होतो.

माझ्याशी बोलला नाही. थेट किटलीसमोर गेला. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, अंगठा आणि बोट ताणून हवेत चित्राचा वरचा भाग मोजला. नाव लिहायच्या आधी तो मोजायचा तसंच. किती दिवसांनी बघितलं मी ते.

"हे दोन ओळींत जाईल," तो म्हणाला. "बारीक अक्षर. जाड घेतलं तर किटली बुडेल."

"ते आकाश आहे," मी म्हणाले.

"आकाशाला चारी बाजूंनी समास सोडतात होय?"

मी उठून त्याच्याजवळ गेले. तो पुढे सरकला. सदऱ्यासमोर म्हणाला, "इथे तू डावीकडे सोडलंस. म्हणजे लांब नाव धरलं होतंस, पाच-सहा अक्षरी." जिन्यासमोर म्हणाला, "हे तिरकं लिहायचं, पायऱ्यांच्या कलाने." चपलांसमोर थांबला. "ह्याला एकच शब्द. मधोमध."

"कोणता?"

"आलोच."

मी हसले आणि हसता हसताच रडायला लागले. कारण तेव्हा मला दिसलं. सगळ्या चित्रांत, एकूण एक, मी त्याची जागा सोडली होती. आकाश नव्हतं ते, नकार तर नव्हताच नव्हता. इतकी वर्षं माझा हात जिथे थांबायला शिकला होता तिथेच थांबत होता, रेघ मारणारा नसला तरी. पाट मांडून मी बसले होते आणि मलाच ठाऊक नव्हतं. ताईंना पहिल्या दिवशी कळलं होतं.

तो माझ्याकडे बघत होता. "तुला माहीत नव्हतं?"

"नाही रे."

"मला वाटलं, मुद्दाम केलंस." त्याने चपलांच्या वरच्या मोकळ्या जागेकडे बोट केलं. "तू नसताना मी डोकावायचो खोलीत. वाटायचं, ही माझी जागा मला दाखवतेय. बघ, इथे आता कुणी नाही. आणि वर त्या बाईंनी नाव काय काढलं, तर रिक्त."

एवढे दिवस हा माणूस हे उरात घेऊन कुंड्यांना पाणी घालत होता. मी त्याच्याकडे वळले. म्हटलं, "माझा हात आपोआप थांबतो तिथे. मी सांगत नाही त्याला."

"हं," तो म्हणाला. "माझाही ऐकत नाही."

मग दाराजवळच्या छापील नावापाशी जाऊन उभा राहिला आणि नाक मुरडलं. "हा 'क्त' बघ. जसा काही शिक्षा केल्यासारखा उभा. मला 'रि' जमतो अजून. 'क्त'चा वळसा घेतानाच सगळं गडगडतं."

"जमतो म्हणजे? तू कधी लिहिलंस?"

"तू रविवारी वर्गाला गेलीस की. वर्तमानपत्रावर."

स्टूल. रद्दी. बाही. मी इतकी मठ्ठ कशी, हे कुणीतरी मला समजावून सांगावं. "मी त्या बाहीवरून तुला बोलले," मी म्हटलं. "बरंच बोललीस," तो म्हणाला. उद्घाटनाच्या दिवशी मला द्यायचं ते हे होतं. छापील काढायला लावून तिथे स्वतः लिहायचं. बूट घालून बसला होता, शेवटचा कागद चांगला उतरतो का बघत. नाही उतरला.

मी म्हटलं, आता लिही. कुठेही लिही, माझ्या चित्रांवर लिही. तो नाही म्हणाला. "लोकांनी बघावं असं राहिलं नाही ते." तेवढ्यात पहारेकरी जागा झाला. चारच्या बसने तो गेला.

घरी आल्यावर ह्या वहीचं पहिलं पान दिसलं. तेही कोरंच सोडलंय मी.

९ मार्च, रविवार

वर्ग गॅलरीतच घेतला. डॉक्टरांनी चष्मा वर केला तेव्हाच ओळखलं काय येणार ते. मी आपणहून म्हटलं, "वाक्य मिळालं."

मी म्हणाले, "इथे कुणीतरी येणार आहे."

डॉक्टर प्रत्येक चित्रापुढे जाऊन ते वाक्य पुटपुटून आले आणि म्हणाले, बसतंय. शिवणवाल्या ताईंनी विचारलं, "मग बाई, आलं का?"

"नाही अजून," मी म्हटलं. खरं तेच सांगितलं.

११ मार्च, मंगळवार

चित्रं उतरवली. गॅलरीवाल्या बाई म्हणाल्या, चपलांचं चित्र एका जोडप्याला हवंय. मी म्हटलं, ते देता येणार नाही, पूर्ण व्हायचंय. त्या म्हणाल्या, "किती खोल." मी चित्र काखोटीला मारलं आणि निघाले.

घरात सगळी चित्रं भिंतीला टेकवून ठेवली आहेत. आम्ही दोघं त्यांना वळसा घालून चालतो.

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी सातला मागच्या खोलीत गेले. उजेड नेहमीचा, दुधात पाणी घातलेला. कुंडी आपल्या जागी नव्हती. तिथे त्याचं टेबल उघडलेलं होतं, आणि टेबलावर बिस्किटांचा डबा. अक्षरकार उंबऱ्याच्या आत उभा होता. मी काही बोलले नाही. बोलले असते तर पुन्हा कुंड्या.

त्याने चपलांचं चित्र टेबलावर घेतलं. मोजलं. डाव्या हाताने मनगट धरून पेन्सिलीने आडवी रेघ मारली. रेघ सरळ नव्हती, पाण्यावर पडलेल्या दोरीसारखी हलत गेली.

"इथून वर माझं," तो म्हणाला.

त्याने ब्रश उचलला, कोरडाच, शाई न लावता कागदाच्या वर हवेत फिरवून बघितला. एकदा. परत एकदा. आणि खाली ठेवला.

"नाही बसत," तो म्हणाला.

मी म्हटलं, राहू दे, पुन्हा कधीतरी. तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी पहिल्याच वर्षाची विद्यार्थिनी आहे.

"राहू दे काय? जागा कमी आहे. ही तू माझ्या जुन्या हाताची जागा सोडलीस. आता माझ्या अक्षरांना जास्त जागा लागते, ती हलतात. दुसरा कागद घे. चपला खाली घे."

मी दुसरा कागद घेतला. चपला खाली घेतल्या. तो म्हणाला, अजून खाली. मी म्हटलं, "अरे, अंगठे कागदाबाहेर जातील."

"मग मोठा कागद घे."

सर्वांत मोठा कागद गुंडाळी करून दारामागे ठेवला होता, कितीतरी वर्षं, जपून. टेबलावर मावेना, म्हणून आम्ही तो जमिनीवर अंथरला. चार कोपऱ्यांवर चार शाईच्या बाटल्या ठेवल्या. त्याने विचारलं, कुठून वर माझं, सांग. मी खालच्या डाव्या कोपऱ्यात, वीतभर जागेत, चपलांचा एक जोड काढला. बाकी सगळं त्याला सोडलं.